प्राणायामात जास्त हवा घ्यायची नसते

सकाळी बागेत गोल करून कपालभाती करणाऱ्या मंडळींना "हे कशासाठी?" असं विचारलं, तर बहुतेकांकडून एकच उत्तर येतं: ऑक्सिजन जास्त मिळतो. हे उत्तर इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला ते पडताळून बघावंसं वाटत नाही. पडताळायचं साधन तर आता घरोघरी आहे. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढा आणि शांत बसून बोटाला लावा. फुप्फुसं धड असतील तर आकडा ९५च्या वर, बहुधा ९७-९८ दिसेल. म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळपास भरलेलंच आहे. कितीही छाती फुगवली तरी त्यात भर पडायला जागा उरलीय ती दोन-तीन टक्क्यांची.

मग जोरजोरात श्वास घेतल्यावर जे "काहीतरी जाणवतं" ते काय असतं? ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड झपाट्याने कमी होतो. तो कमी झाला की मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. याला पुष्कळ लोक ऊर्जा, शक्ती, चैतन्य वगैरे म्हणतात. डॉक्टर याला गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याचं लक्षण म्हणतील, आणि इथे डॉक्टरांचं बरोबर आहे.

ही शंका आजची नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. क्ष-किरण, रक्तदाबमापक, पोटातला दाब मोजायच्या नळ्या असं सगळं घेऊन त्यांनी योगक्रिया तपासायला सुरुवात केली. प्राणायामाचं मोल ऑक्सिजनच्या हिशेबात शोधू नये, असाच त्यांचा रोख होता. शंभर वर्षं होऊन गेली तरी बागेतलं उत्तर बदललेलं नाही.

तर मग फायदा कशात आहे? थोडक्यात सांगायचं तर श्वास संथ होण्यात, आणि त्यातही रेचक, म्हणजे श्वास सोडणं, लांबण्यात. पुढचं सगळं लिखाण या एका वाक्याभोवतीच आहे.

आधी थोडं गणित. बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि एका श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते. पण ती सगळी कामाला येत नाही. नाक, घसा, श्वासनलिका यांतच सुमारे दीडशे मिलिलिटर हवा अडकून राहते आणि तशीच परत बाहेर पडते. म्हणजे १२ श्वासांत ६ लिटर हवा आत घेतली तरी फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत पोचली ४.२ लिटर. तीच ६ लिटर हवा ६ संथ श्वासांत, एका वेळी एक लिटर अशी घेतली, तर पोचते ५.१ लिटर. हवा तितकीच, मेहनत कमी आणि वाया जाणारा भाग निम्मा. उलट धापा टाकल्यासारखे उथळ श्वास घेतले, की बरीचशी हवा वाटेतच ये-जा करत बसते.

दुसरी गोष्ट हृदयाची, आणि ती जास्त महत्त्वाची. मनगटावर नाडी धरून बसा आणि सावकाश, खोल श्वास घ्या. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. तरुण माणसात हे बोटांना सहज कळतं, वय वाढतं तसा हा फरक कमी होतो. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, म्हणून असं होतं. हाच मज्जातंतू पचनालाही चालना देतो आणि शरीराला "आता धावपळ नको" असं सांगत असतो. रेचक पूरकापेक्षा, म्हणजे श्वास घेण्यापेक्षा, लांब ठेवायचा तो एवढ्यासाठी. मिनिटातली जास्त सेकंदं लगाम घट्ट राहतो.

मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांत रक्तदाब मोजत राहणाऱ्या जागा असतात. दाब वाढला की त्या हृदयाला मंदावायला लावतात, पडला की पळायला लावतात. या सगळ्या यंत्रणेची स्वतःची एक लय आहे, साधारण १० सेकंदांची. मिनिटाला ६ श्वास घेतले की श्वासाची लयही १० सेकंदांची होते. दोन्ही लयी जुळतात आणि रक्तदाब सांभाळण्याची ही प्रतिक्षिप्त क्रिया जास्त तल्लखपणे काम करते. लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा अभ्यास मांडला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिन भाषेतली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली, एकदा 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र. दोन्ही वेळी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि ही प्रतिक्षिप्त क्रिया सुधारलेली दिसली. माणसं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण संध्याकाळी देवासमोर संथ लयीत स्तोत्र म्हणणाऱ्यांच्या पदरात नकळत काय पडत असेल, त्याचा अंदाज यावरून येतो.

मनाचं काय? हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात "चले वाते चलं चित्तं" असं म्हटलंय: वारा हलला की मन हलतं, तो स्थिर झाला की मन स्थिर होतं. अनुभव याच्या जवळचाच आहे. राग आला, भीती वाटली, की श्वास आधी बदलतो आणि ते आपल्या लक्षात नंतर येतं. हृदयाचे ठोके, पचन, घाम यांवर आपली थेट हुकमत चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण ठरवलं तर आपलंही ऐकतो. शिवाय आकडे मोजत बसलं की डोक्यातला विचारांचा चरखा काही वेळ तरी थांबतो. एवढं पुरेसं आहे. त्यापलीकडचं कुंडलिनीबद्दल वगैरे बोलायचा अधिकार मला नाही.

बसण्याआधी

जेवण आणि प्राणायाम यांत साडेतीन-चार तासांचं अंतर हवं. भरल्या पोटी डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या घुमटासारख्या स्नायूला, खाली सरकायला जागा मिळत नाही, मग श्वास छातीतच अडतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावरची वेळ सगळ्यांत सोयीची. नोकरीमुळे जमत नसेल तर संध्याकाळी जेवणाआधी बसा. चहा घेतला असेल तर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

पद्मासन लागलंच पाहिजे असं काही नाही. सुखासनात बसून बुडाखाली चौपदरी घडी केलेली सतरंजी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप ताठ होते. गुडघेदुखी असेल तर सरळ पाठीच्या खुर्चीवर, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून. पाठ मात्र भिंतीला रेलून ढिली पडू देऊ नका. पोक काढून बसलं की बरगड्या पोटावर येतात आणि मग पुढे सांगितलेलं श्वासाचं एकही प्रमाण साधत नाही.

हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडे भल्या पहाटे मोकळ्या मैदानावर जाऊन बसणं हा मला तरी शहाणपणा वाटत नाही. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, त्यामुळे धूर-धूळ खालीच साचून राहते. रस्त्याकडेच्या बागेत तर विचारूच नका. त्यापेक्षा घरातली, रस्त्यापासून लांबची खोली बरी.

नाक चोंदलेलं असेल तर जलनेती करून घ्या, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुऊन घ्या. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाऊण ते एक छोटा चमचा मीठ, साधारण साडेचार ग्रॅम. मीठ कमी पडलं तर नाकात झणझणतं, जास्त झालं तर जळजळतं. पाणी उकळलेलंच हवं, थेट नळाचं कधीही नको. कारण साध्या पाण्यातला क्वचित आढळणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. नेतीनंतर पुढे वाकून, मान दोन्ही बाजूंना वळवत हलकेच फुंकर मारून पाणी पूर्ण काढा. हे राहून गेलं की दिवसभर डोकं जड राहतं आणि दोष नेतीला दिला जातो.

दोन नाकपुड्यांपैकी एक बंदच असते, अशी तक्रार तर नेहमीची. तो आजार नाही. नाकाच्या आतलं अस्तर आळीपाळीने फुगतं आणि ओसरतं, काही तासांनी बाजू बदलते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५मध्ये हे नोंदवलं होतं. आपल्याकडे सूर्यनाडी-चंद्रनाडीच्या रूपात ही गोष्ट कितीतरी आधीपासून ठाऊक होती. कायम एकच बाजू बंद राहत असेल, तर मात्र नाकाचा पडदा वाकडा आहे का, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आधी झोपून

पहिला आठवडाभर नाक धरूच नका. उताणे झोपा, गुडघे दुमडून तळपाय जमिनीवर ठेवा. एक हात छातीवर, एक बेंबीवर. श्वास घेताना बेंबीवरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ हलायला नको. अनेकांचं नेमकं उलटं होतं: श्वास घेताना पोट आत, सोडताना बाहेर. 'पोट आत घे' असं वर्षानुवर्षं ऐकल्याचा, आणि घट्ट पट्ट्याचाही, हा परिणाम. असं होत असेल तर पोटावर एखादं जाडजूड पुस्तक ठेवा आणि ते वर-खाली होताना बघा, चार-पाच दिवसांत वळण लागतं. पोट मुद्दाम फुगवायचं नाही. डायफ्राम खाली गेला की ते आपसूक वर येतं.

या आठवड्यात एक आकडा लिहून ठेवा: सकाळी उठल्यावर, पडल्या पडल्या, मिनिटाला श्वास किती. स्वतः मोजायला गेलं की श्वास लगेच बदलतो, म्हणून घरातल्या कुणाला तरी तुमच्या नकळत मोजायला सांगा. पुढे प्रगती तपासायला हाच आकडा उपयोगी पडेल. कुंभक, म्हणजे रोखलेला श्वास, किती सेकंद धरला याच्या बढाया उपयोगाच्या नाहीत.

अनुलोम-विलोम

रोज एकच प्राणायाम करायला वेळ असेल, तर तो हा. आपल्याकडे साधारणपणे कुंभकाशिवाय केला तर अनुलोम-विलोम आणि कुंभकासह केला तर नाडीशोधन म्हणतात. काही ठिकाणी नावांची अदलाबदल आढळते, त्यावरून वाद घालू नये.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका आणि करंगळी मिळून डाव्या नाकपुडीसाठी. ही प्रणवमुद्रा. नाकाचं हाड जिथे संपतं त्याच्या खालच्या मऊ भागावर बोट नुसतं टेकवायचं. पूर्ण श्वास सोडून, उजवी बंद करून डावीने श्वास घ्या. डावी बंद करून उजवीने सोडा. उजवीनेच घ्या. उजवी बंद करून डावीने सोडा. हे एक आवर्तन झालं, त्यात दोन श्वास. बाजू कधी बदलायची याचा गोंधळ होत असेल तर एवढंच ध्यानात धरा: श्वास आत भरल्यावर बोटं बदलायची, सोडल्यावर नाही.

प्रमाण असं वाढवा. पहिले दोन आठवडे ४ सेकंद पूरक, ४ सेकंद रेचक. यात मिनिटाला साडेसात श्वास होतात. पुढे ४ आणि ६. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे वर सांगितलेला मिनिटाला सहाचा वेग आला. एका आवर्तनाला २० सेकंद, १५ आवर्तनांना ५ मिनिटं. यावर निदान महिनाभर थांबा. नंतर जमेल तसं ४ आणि ८, म्हणजे शास्त्रात सांगितलेलं एकास दोन हे प्रमाण. त्याच्या पुढे जायची घाई करण्यासारखं काही नाही. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

प्रमाण झेपत नसल्याची खूण अगदी साधी आहे. रेचक संपल्यावर पुढचा श्वास हावऱ्यासारखा, घाईने आत ओढला जातोय का? तसं होत असेल तर रेचक एक-दोन सेकंदांनी कमी करा. दुसरी खूण आवाजाची. शेजारी बसलेल्याला तुमचा श्वास ऐकू येत असेल तर वेग जास्त आहे. नाकासमोर कापसाचा पुंजका धरला तर तो जेमतेम थरथरावा, असा रेचक हवा.

बाकी चुका हाताच्या. अंगठा इतका जोरात दाबला जातो की नाकाचा मधला पडदा पलीकडे सरकतो आणि दुसरी नाकपुडीही अर्धी बंद होते. मग "माझं नाकच लहान आहे" असा निष्कर्ष! कोपर हवेत ताणून धरल्याने खांदा भरून येतो आणि पाच मिनिटांत कंटाळा. कोपर छातीजवळ सैल सोडा, लागलं तर डाव्या हाताचा आधार द्या. मानही हळूहळू उजवीकडे कलत जाते, ती अधूनमधून सरळ करा.

उज्जायीबद्दल थोडक्यात. तोंड उघडून, चष्म्याची काच पुसताना सोडतो तसा 'हाऽ' सोडा. मग मध्येच ओठ मिटून तोच आवाज नाकातून चालू ठेवा. घशात थोडा अडसर आला की श्वास आपोआप लांबतो. आवाज घोरण्यासारखा नको, फक्त स्वतःला ऐकू यावा. उज्जायी चालता-उभं राहताही करता येतो अशी मुभा ग्रंथातच दिलेली आहे, त्यामुळे लोकलच्या रांगेत किंवा सिग्नलला करायला हा बरा. उज्जायीत नाक धरायची गरजच नाही, त्यामुळे कुणी बघत बसत नाही हा आणखी एक फायदा.

भ्रामरी

झोप लागत नाही, डोक्यात विचार थांबत नाहीत, अशांना मी आधी भ्रामरी करायला सांगतो. दोन्ही अंगठ्यांनी कानाच्या तोंडाशी असलेली छोटी कूर्चा आत दाबून कान बंद करा. बोट कानात खुपसायचं नाही. डोळे मिटलेले, पण बोटांनी डोळे दाबायचे नाहीत; चष्मेवाल्यांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी तर मुळीच नाही. ओठ मिटलेले, दातांमध्ये थोडी फट. दात आवळले तर कंपनं जबड्यातच अडकतात. नाकाने श्वास घेऊन 'म्' असा अखंड गुंजारव करत सोडा. एक गुंजारव दहा ते पंधरा सेकंद, अशी ५ ते ७ आवर्तनं. आवाज मोठा असायची गरज नाही. शेवटचा थेंब पिळून काढल्यासारखा श्वास संपवूही नका, आवाज कापायला लागायच्या आत थांबा.

गुंजारव करायला लागला की रेचक पूरकापेक्षा आपोआप दुप्पट-तिप्पट लांबतो. सेकंद मोजावे लागत नाहीत, प्रमाण चुकायची भीती नाही, म्हणून लहान मुलांना आणि वयस्करांना हा सहज जमतो. आणखी एक गमतीची गोष्ट आहे. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होत असतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि जंतूंनाही आळा घालतो. स्वीडनच्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२मध्ये दाखवलं की शांत उच्छ्वासापेक्षा गुणगुणताना नाकातून बाहेर येणाऱ्या हवेत हा वायू सुमारे पंधरा पटींनी वाढतो. कंपनांमुळे पोकळ्यांमधली कोंडलेली हवा बाहेर पडते. यावरून सायनसचा आजार बराच होतो असा अर्थ काढू नये. पण पोकळ्यांना खेळती हवा मिळते, एवढं नक्की.

शीतली-सीत्कारी हे गारवा देणारे प्राणायाम विदर्भातल्या मे महिन्यासाठी राखून ठेवा. जिभेची पन्हळ करून तोंडाने हवा आत, नाकाने बाहेर. ज्यांना जीभ वळवता येत नाही त्यांनी दातांच्या फटीतून हवा ओढावी, ती सीत्कारी. तोंडातून हवा गाळली जात नाही, म्हणून धुळीत आणि सर्दी-खोकल्यात हे नको.

कपालभाती, आणि तिचं माजवलेलं स्तोम

हठप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात धरलेली नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा शुद्धिक्रिया. नाक आणि श्वासमार्ग साफ करून प्राणायामाची तयारी करायची, एवढं तिचं काम. टीव्हीवरच्या शिबिरांनी ते उलटं करून टाकलं: अर्धा तास कपालभाती आणि शेवटी वेळ उरला तर दोन मिनिटं अनुलोम-विलोम.

नीट करायची तर अशी. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. बेंबीखालचं पोट झटक्याने आत घेऊन नाकाने श्वास बाहेर फेका. लगेच पोट सैल सोडा, श्वास आपोआप आत येईल, तो घ्यायचा नाही. सेकंदाला एक झटका, २० ते ३० झटक्यांचा एक फेरा. मग थांबून श्वास पूर्ववत होऊ द्या. असे तीन फेरे नवशिक्याला पुष्कळ झाले. सरावाने वेग सेकंदाला दोनपर्यंत नेता येतो. झटक्यागणिक खांदे उडत असतील, चेहरा वेडावाकडा होत असेल, तर झटका पोटाऐवजी छातीतून येतोय. चक्कर येत असेल तर तुम्ही श्वास आत ओढताय, म्हणजे ती कपालभाती न राहता भस्त्रिका झाली. भस्त्रिकेत घेणं आणि सोडणं दोन्ही जोराचं असतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आणखी लवकर उतरतो.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार, पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांत कपालभाती आणि भस्त्रिका करू नये. पाळीच्या दिवसांतही सोडून द्यावी. हे लोक अनुलोम-विलोम आणि भ्रामरी, कुंभक न करता, खुशाल करू शकतात. आणि पोट कमी होतं म्हणाल, तर पोटाचे स्नायू जरूर कामाला लागतात, पण त्यावरची चरबी अशी झटक्यांनी झडत नाही. कॅन्सर बरा होतो असं सांगणाऱ्याच्या शिबिरातून तर चप्पल घालून सरळ बाहेर पडावं.

कुंभकाबद्दल मी इथे पायऱ्या मुद्दाम देत नाही. पूरक एक, कुंभक चार, रेचक दोन असं ते प्रसिद्ध प्रमाण वाचून लोक घड्याळ लावून बसतात. श्वास भरून कोंडला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, रक्तदाब आधी चढतो, मग उतरतो. जालंधर बंध, म्हणजे हनुवटी छातीशी टेकवणं, नीट लावता येत नसेल तर हे सगळं डोक्याकडे जाणवतं. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही. नाहीतर तो साधकालाच मारतो, असं जुन्या लोकांनी बजावून ठेवलंय. समोर बसून शिकवणारा माणूस असेल तरच कुंभकाकडे वळा, तेही सहा-आठ महिन्यांच्या अनुलोम-विलोमानंतर.

अपेक्षा किती ठेवावी? झोप, चिडचिड, परीक्षेच्या किंवा कामाच्या ताणाने होणारी धडधड यांत दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवायला लागतो. रक्तदाब थोडा उतरू शकतो, पण गोळीची जागा घेण्याइतका नाही. घरच्या यंत्रावर आकडे लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, गोळी कमी करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. दम्याबाबत कॉक्रेन या संस्थेने २०१६मध्ये घेतलेल्या आढाव्यात योगाभ्यासाने लक्षणांत आणि रोजच्या जगण्यात थोडी सुधारणा होत असावी असं दिसलं. थोडी, हा शब्द महत्त्वाचा. दम्याचा झटका आलेला असताना प्राणायाम करायचा नसतो, पंप घ्यायचा असतो.

काही जणांना उलटाच अनुभव येतो. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की छाती भरून येते, जीव घाबरा होतो. पॅनिक अटॅकचा त्रास असलेल्यांत हे जास्त दिसतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, नाक बंद करू नये, आणि श्वास मोजण्याऐवजी चालताना तीन पावलं श्वास घेणं, चार पावलं सोडणं, एवढ्यावर राहावं. तेही नको वाटलं तर काही दिवस नुसतं चालावं.

एकूण वेळ वीस मिनिटं पुरते. दोन मिनिटं नुसतं बसणं, चालत असेल तर कपालभातीचे तीन फेरे, दहा मिनिटं अनुलोम-विलोम, पाच मिनिटं भ्रामरी, उरलेला वेळ काही न करता. कपालभाती सुरुवातीला घ्यायची, कारण तिच्यानंतर श्वास काही क्षण आपोआप मंदावतो आणि अनुलोम-विलोमाची सुरुवात सोपी जाते. भ्रामरी शेवटी, कारण तिच्यानंतर लगेच उठावंसंच वाटत नाही. ताप असेल तर सुट्टी. सर्दीने नाक पूर्ण बंद असेल तर फक्त झोपून पोटाचा श्वास, भले तो तोंडाने घ्यावा लागला तरी. महिन्याभराने सकाळचे श्वास पुन्हा मोजून घ्या. सोळाचे बारा-तेरा झाले असतील तर प्रमाण योग्य चाललंय, आणि आकडा तिथेच असेल तर रेचक लांबवण्याआधी पाठीचा बाक आणि पोटाची हालचाल पुन्हा तपासा.